कॅमेऱ्याआधी कागद: प्राध्यापकांना ऑनलाइन कोर्ससाठी तयार करताना

स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य तुमच्याकडे बघून म्हणतात, "ऑनलाइन कोर्सचं तेवढं तुम्ही बघा." झालं, तुम्ही समन्वयक. पत्र पुढच्या आठवड्यात निघतं, बजेट आलंच तर मार्चमध्ये येतं. हा लेख अशा नव्या समन्वयकासाठी आहे. सहकाऱ्यांना ऑनलाइन कोर्स बनवायला आणि मग तो चालवायला तयार करायचंय, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, अशा माणसासाठी.

पहिल्याच बैठकीत कुणीतरी स्टुडिओचा विषय काढणार. कॅमेरा कुठला घ्यायचा, हिरवा पडदा लागेल का, एडिटिंगला माणूस बाहेरून आणायचा का. हा विषय महिनाभर तरी लांबणीवर टाका. व्हिडिओ वाईट झाला म्हणून कोर्स फसला असं क्वचितच होतं. व्हिडिओ बघून झाल्यावर विद्यार्थ्याने नेमकं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं, तिथे तो फसतो. प्राध्यापकांची तयारी करून घ्यायची ती मुख्यतः या एका गोष्टीची. बटणं कुठली दाबायची ते दोन दिवसांत येतं.

१. कुठला 'ऑनलाइन' ते आधी ठरवा

एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. आपल्याच वर्गाचा एखादा पेपर अंशतः मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर, नेणं हे एक. देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर, कोर्स देणं हे दुसरं. आणि विद्यापीठाने पूर्ण ऑनलाइन पदवी सुरू करणं हे तिसरं. त्याला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२० चे वेगळे विनियम लागू होतात आणि संस्थेची पात्रताही तपासली जाते. तिसरं काम समन्वयकाच्या पातळीवरचं नाही, त्यात शिरू नका.

'स्वयम्'चं उद्घाटन ९ जुलै २०१७ ला झालं. तिथले कोर्स 'चार क्वाड्रंट'च्या साच्यात असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. प्रस्ताव थेट जात नाही, राष्ट्रीय समन्वयक संस्थेमार्फत जातो. अभियांत्रिकीसाठी एनपीटेल (आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम), बिगर-तांत्रिक पदवी विषयांसाठी सीईसी (यूजीसीची शैक्षणिक माध्यमांची संस्था), आणि अशा आणखी काही संस्था आहेत. श्रेयांकाचा (क्रेडिटचा) नियम प्राध्यापकांना सांगून ठेवा, कारण विचारणारे बरेच असतात: २०१६ च्या विनियमांत एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरून घेता येत होते, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली.

माझा सल्ला: पहिल्या वर्षी 'स्वयम्'कडे वळूच नका. आपल्या विद्यार्थ्यांचा एक पेपर घ्या, तो मूडलवर न्या, एक सत्र चालवा. ज्याने साठ मुलांचा चर्चामंच सांभाळलेला नाही, त्याच्या गळ्यात हजारो मुलांचा कोर्स कशाला घालायचा?

२. माणसं कमी, पण जोडीने

सगळ्या विभागांतून एकेक नाव मागवलं की सक्तीने पाठवलेली मंडळी येतात. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत ई-कंटेंटचा रकाना भरायचा असतो, म्हणून नावं झटपट गोळाही होतात. त्याऐवजी स्वतःहून येणारे तीन-चार जण घ्या आणि प्रत्येकाला विषय कळणारा एक जोडीदार द्या. जोडीदाराचं काम एकच: "सर, हे मला कळलं नाही," असं वेळेवर म्हणायचं. ज्येष्ठ प्राध्यापकाला हे विद्यार्थी सांगत नाहीत आणि कनिष्ठ सहकारी संकोचतात, म्हणून जोड्या लावताना शक्यतो बरोबरीची माणसं एकत्र आणा.

याच टप्प्यावर प्राचार्यांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, कोर्स बनवणाऱ्याच्या तासिका त्या सत्रात किती कमी होणार. दुसरी, तयार साहित्यावर हक्क कुणाचा राहणार. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्या प्राध्यापकाची उद्या बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, तर त्यांचा चेहरा आणि आवाज असलेले व्हिडिओ पुढे कोण वापरणार, बदल कोण करणार, हे चार ओळींत लिहून सह्या घ्या. कोर्स तयार झाल्यावर हा विषय काढला की मनं दुखावतात.

३. आधी त्यांना विद्यार्थी करा

पाच दिवसांची कार्यशाळा, हार-तुरे, समारोप आणि प्रमाणपत्र या वाटेने जाण्याआधी एक साधी अट घाला. प्रत्येकाने 'स्वयम्' किंवा एनपीटेलवर आपल्या विषयाबाहेरच्या एखाद्या कोर्सला नोंदणी करायची आणि निदान तीन आठवडे तो मनापासून करायचा, असाइनमेंट वेळेत देऊन. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी मानसशास्त्र घ्यावं, मराठीच्या सरांनी डेटा सायन्स घ्यायला हरकत नाही.

असाइनमेंटच्या शेवटच्या रात्री साइट हळू चालायला लागली की जीव कसा वरखाली होतो, मंचावर विचारलेल्या प्रश्नाला चार दिवस उत्तर आलं नाही की कसं वाटतं, आणि कितव्या मिनिटाला आपला हात आपोआप व्हिडिओ पुढे ढकलायला जातो, हे भाषणातून कळत नाही. प्रत्येकाने आठवड्याला दहा ओळींची नोंद ठेवावी: कुठे अडलो, कुठे कंटाळलो, कशामुळे टिकलो. नंतर आपला कोर्स बनवताना या नोंदी समोर ठेवायच्या.

आयआयटी मुंबईत या दिशेने बरंच काम झालं आहे. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने 'टी टेन के टी' (ट्रेन टेन थाउजंड टीचर्स) प्रकल्पातून देशभरातल्या हजारो अभियांत्रिकी शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. पुढे तिथल्याच शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या मंडळींनी विद्यार्थीकेंद्री मूकचा, म्हणजे सर्वांना खुल्या मोठ्या ऑनलाइन कोर्सचा, एक नमुना मांडला. त्यातली एक कल्पना नव्यांनी लगेच उचलावी अशी आहे: 'रिफ्लेक्शन स्पॉट'. व्हिडिओच्या मध्येच शिक्षक थांबतो, एक प्रश्न किंवा छोटी कृती देतो, "व्हिडिओ थांबवा, वहीत लिहा, मग पुढे या" असं सांगतो, आणि पुढच्या भागात त्या उत्तरांवर बोलतो. खर्च शून्य, फरक मोठा.

४. एक आठवडा, एक पान

इथे घाई करू नका. प्रत्येकाला कोरं पान द्या आणि पूर्ण कोर्सऐवजी एकाच आठवड्याचा आराखडा मागा. पाच रकाने:

- आठवड्याअखेर विद्यार्थ्याला काय *करता* यायला हवं
- ते आलं हे कशावरून कळेल
- त्यासाठी तो काय करेल
- ते करायला त्याला आपण काय द्यायचं
- त्याचा किती वेळ जाईल

व्हिडिओ चौथ्या रकान्यात येतो, तोही गरज असेल तर. पहिल्या रकान्यात 'समजेल', 'माहिती होईल', 'जाणीव होईल' या शब्दांना बंदी घाला. 'काढून दाखवेल', 'तुलना करेल', 'चूक शोधेल' असे शब्द हवेत. शिकण्याच्या उद्दिष्टांची ब्लूमची १९५६ ची वर्गवारी आणि तिची २००१ ची सुधारित आवृत्ती बी.एड.वाल्यांना पाठ असते. बाकीच्यांना ती शिकवत बसू नका, क्रियापद बदलून घ्या म्हणजे झालं.

शेवटचा रकाना सगळ्यांना जड जातो. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटच्या पेपरला ६० तास. हे ऐकताच प्राध्यापक साठ तासांच्या व्हिडिओचा हिशेब मांडू लागतात. इथे हिशेब विद्यार्थ्याच्या वेळेचा करायचा. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला चार तास. त्यात व्हिडिओ चाळीस मिनिटांहून जास्त नको. उरलेल्या वेळात वाचन, उदाहरणं, लेखन, चर्चा आणि चाचणी.

एक नमुना जवळून बघू. द्वितीय वर्ष अर्थशास्त्र, घटक 'मागणीची लवचिकता'. वर्गातल्या पद्धतीने व्याख्या, प्रकार, सूत्र, आलेख, महत्त्व, मर्यादा असे दोन तास जातात आणि ऐंशी स्लाइडची पीपीटी तयार असते. या पानावर त्याचं असं होतं:

*करता यायला हवं:* एखाद्या वस्तूच्या भावातल्या आणि खपातल्या बदलावरून लवचिकता काढणं, आणि ती कमी किंवा जास्त का आहे याची कारणं देणं.

*कृती:* आपल्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींना किंवा काकांना विचारा, कांद्याचा भाव चढला तेव्हा रोजचा खप किती होता, उतरला तेव्हा किती झाला. आकडे मंचावर टाका, लवचिकता काढा, आणि दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या आकड्याशी तुलना करून चार वाक्यं लिहा.

*द्यायचं काय:* पाच-सहा मिनिटांचे तीन व्हिडिओ. पहिल्यात फक्त प्रश्न: कांदा महागला तरी आपण घेतोच, मग हॉटेलात जाणं महागलं की का कमी करतो? दुसऱ्यात सूत्र आणि एक सोडवलेलं उदाहरण. तिसरा व्हिडिओ आधी बनवायचाच नाही. मुलांचे आकडे आल्यावर, त्यातल्याच दोन-तीन नोंदी घेऊन, आठवड्याच्या शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करायचा.

तो तिसरा, घाईत केलेला, मागून स्कूटरचा आवाज येणारा व्हिडिओ मुलं हमखास बघतात, कारण त्यात त्यांची नावं असतात. शिवाय लासलगावजवळच्या मुलाने व्यापाऱ्याकडचे आकडे आणले आणि मुंबईतल्या मुलीने सोसायटीच्या दारातल्या गाडीवरचे, की चर्चा शिक्षकाला ओढावी लागत नाही. अशा कृतीत चॅटबॉटकडून उत्तर उतरवून घेण्याचा मोहही कमी होतो. मावशींचा खप चॅटबॉटला ठाऊक नसतो.

प्रत्येक जोडीचं हे एक पान पक्कं होईपर्यंत दुसऱ्या आठवड्याला हात लावू देऊ नका. एक पान नीट जमलं की उरलेली भराभर होतात.

५. प्रश्न लिहिणं हे वेगळं शिकवावं लागतं

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल आपल्याकडे एक तुच्छता आहे, आणि ती बहुतेक वाईट प्रश्नांमुळेच आली आहे. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यापैकी नाही' हे पर्याय बाद करा. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधून यायला हवेत.

वरचंच उदाहरण घ्या. कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून ३० झाला आणि विक्रेत्याचा रोजचा खप १०० किलोवरून ९० वर आला. लवचिकता किती? किमतीत ५० टक्के बदल, मागणीत १० टक्के; उत्तर, चिन्ह बाजूला ठेवून, ०.२. आता चुकीचे पर्याय. भागाकार उलटा केला तर ५ येतात. टक्केवारी न काढता सरळ १० किलोला १० रुपयांनी भागलं तर १. म्हणजे पर्याय ०.२, १ आणि ५. ज्याने ५ निवडले त्याला "चूक, पुन्हा प्रयत्न करा" असं सांगून काही मिळत नाही. "तुम्ही किमतीतल्या बदलाला मागणीतल्या बदलाने भागलंत, सूत्र उलट आहे," हा अभिप्राय मूडलमध्ये त्या पर्यायाखालीच लिहून ठेवता येतो. रात्री अकरा वाजता एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला तेवढा शिक्षक तरी मिळतो.

प्रत्येक जोडीला घटकागणिक असे आठ-दहा प्रश्न लिहायला लावा आणि दुसऱ्या जोडीकडून सोडवून घ्या. वाद होतील. होऊ द्या.

६. आता रेकॉर्डिंग

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या अमेरिकी ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या कोर्समधल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास केला. छोटे व्हिडिओ जास्त बघितले जातात आणि सहा मिनिटांच्या आसपास लक्ष उतरायला लागतं, हा त्यांचा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त उपयोगी आहेत: वर्गातलं लेक्चर चित्रित करून त्याचे तुकडे केले तर ते तितके धरून ठेवत नाहीत, आणि महागड्या स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा टेबलापाशी बसून साधेपणाने बोललेले व्हिडिओ सरस ठरू शकतात. हा मुद्दा खरेदी समितीत जरूर मांडा.

सहा मिनिटं म्हणजे बोलीतले साधारण सहाशे-सातशे शब्द. पहिल्या दोन-तीन व्हिडिओंची संहिता पूर्ण लिहून घ्या, पण वाचून दाखवू देऊ नका. लिहिल्याने फाफटपसारा दिसतो, "तर मित्रहो, आजच्या या व्याख्यानात आपण" ही सुरुवात आपोआप गळते. स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचायचं नाही. पडद्यावर आकृती, तोंडी स्पष्टीकरण, हे पुरे.

पैसे खर्च करायचेच तर माइकवर करा. चित्र थोडं अंधुक चालतं, आवाज घुमला की बघणारा निघून जातो. पडदे आणि पुस्तकांची कपाटं असलेली लहान खोली, पंखा बंद, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ मोफत मिळतं. फाइल ४८० पी मध्येही द्या. बरीच मुलं दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर असतात, आणि त्यात घरचेही वाटेकरी असतात. व्हिडिओसोबत दोन पानांचं टिपण ठेवा. ज्याला ऐकू येत नाही त्याला आणि ज्याच्याकडे रेंज नाही त्याला, दोघांनाही ते लागतं.

भाषेचा प्रश्न विचारला जाईलच. बोलणं मराठीत, पारिभाषिक संज्ञा दोन्ही भाषांत पडद्यावर. परीक्षेची भाषा मुलं आपापली निवडतील.

७. मूडल, आणि श्रीलिपीतल्या नोट्स

मूडलची पहिली आवृत्ती २००२ ची, आणि ते आजही मोफत आहे. नव्या माणसाला सुरुवातीला चारच गोष्टी दाखवा: फाइल चढवणं, असाइनमेंट, क्विझ आणि फोरम. फोरममध्ये 'क्यू अँड ए' हा प्रकार आवर्जून दाखवा. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत, त्यामुळे "मी वरील मताशी सहमत आहे"ची रांग लागत नाही. प्रत्येक आठवडा तयार झाला की 'स्विच रोल टू' वापरून विद्यार्थ्याच्या नजरेने, आणि तोही मोबाइलवर, बघायला लावा.

मराठी माध्यमातल्या प्राध्यापकांची खरी अडचण वेगळीच असते. वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या तशाच मूडलवर चिकटवल्या की विद्यार्थ्याच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण त्यानंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं: रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो आणि 'अर्थशास्त्र'चं 'अथर्शास्त्र' होतं, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. हे काम टंकलेखकाला द्या, पण तपासणी विषयाच्या माणसाकडूनच करून घ्या. पुढचं सगळं थेट युनिकोडमध्ये, आणि ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांना मोबाइलवर बोलून टाइप करायला शिकवा.

चित्रांबद्दल थोडक्यात: 'गुगलवरून घेतलं' हा स्रोत नाही. विकिमीडिया कॉमन्सवर परवान्यासह चित्रं मिळतात, नाव आणि परवाना खाली लिहायचा. आकृती स्वतः काढता आली तर सर्वांत उत्तम.

८. कोर्स चालवणं

अर्धी तयारी इथली आहे, आणि बहुतेक प्रशिक्षणं याच्या आधीच संपतात. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी ऑनलाइन शिकण्याविषयी २००० मध्ये मांडलेल्या विचारात शिक्षकाची 'उपस्थिती' हा एक आधारस्तंभ आहे. म्हणजे दिवसभर ऑनलाइन बसणं नव्हे. ठरलेल्या वेळी दिसणं. दर सोमवारी सकाळी आठ-दहा ओळींची सूचना: गेल्या आठवड्यात काय झालं, कुणाचं उत्तर वाखाणण्याजोगं होतं, या आठवड्यात काय करायचं. दर गुरुवारी मंचावर अर्धा तास. आठवड्यातून एकदा शंकांसाठी थेट भेट, हजेरीची सक्ती न करता.

पहिल्या आठवड्याचं काम मुद्दाम क्षुल्लक ठेवा: आपलं गाव, आणि या विषयाकडून काय हवंय ते तीन ओळींत. हेतू एवढाच की लॉग-इनची, पासवर्डची रडगाणी याच आठवड्यात संपावीत. पाचव्या दिवशी मूडलच्या यादीत 'लास्ट ॲक्सेस' बघा आणि 'नेव्हर' असलेल्या मुलांना फोन करा. मेल पाठवून भागत नाही, मेल ते उघडतच नाहीत. फोनवर कारण कळतं: कुणाचा नंबर बदललेला, कुणी ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांच्या मागे घर सांभाळतोय, कुणाला कोर्स सुरू झाल्याचाच पत्ता नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप होणारच, तुम्ही नाही केलात तर मुलं करतील. तो सूचनांपुरता ठेवा. कुणी तिथे विषयाची शंका विचारली तर उत्तर मंचावर लिहायचं आणि ग्रुपवर त्याची लिंक टाकायची. सुरुवातीला प्राध्यापकांना हे उगाच लांबण लावल्यासारखं वाटतं, पण सत्राच्या शेवटी मंचावर शंकांचा साठा तयार असतो आणि पुढच्या बॅचला तो जसाच्या तसा मिळतो.

गुणांची विभागणी आधीच जाहीर करा. एनपीटेलची पद्धत नमुना म्हणून बघण्यासारखी आहे: असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५, आणि बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. 'सर्वोत्तम आठ' या एका सवलतीने लग्न, आजारपण आणि वीज गेल्याची निम्मी पत्रं कमी होतात.

९. सत्र संपल्यावर

क्विझच्या अहवालात 'स्टॅटिस्टिक्स' नावाचा भाग असतो, त्यात प्रत्येक प्रश्नाचा 'फॅसिलिटी इंडेक्स' दिसतो, म्हणजे तो मुलांना किती सोपा गेला ते. तीस टक्क्यांच्या खाली गेलेले प्रश्न वेगळे काढा. बहुतेकांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल तर त्या घटकाचा व्हिडिओ तपासा, तिथे काहीतरी निसटलंय. उत्तरं सगळ्या पर्यायांत विखुरलेली असतील तर बहुधा प्रश्नाची भाषाच गोंधळाची आहे. मंचावर एकच शंका वारंवार आली असेल तर तीही याच यादीत घ्या. अशा चार-पाच जागा निघतात. व्हिडिओ सहा मिनिटांचे असल्याने तेवढेच पुन्हा रेकॉर्ड करता येतात, एका शनिवारचं काम. जोडीदाराला सोबत बसवा, आणि पुढच्या वर्षीच्या नव्या जोड्यांनाही त्या दिवशी बोलवा.